भूगर्भातलं विचारा : पोटात काय, पदरात काय

गेल्या अंकात मी गिनी-बिसाऊ या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाच्या खनिजांवर लिहिलं होतं. पुण्यात बसून हे कोण वाचणार, असं संपादकांना वाटत होतं आणि मलाही. पण पत्रांचा चांगला गठ्ठा आला. एक पत्र तर आमच्या एरंडवण्याच्या सोसायटीत वॉचमनकडे देऊन गेलंय कोणीतरी. पाकिटावर माझं नाव नाही, नुसतं 'दगडवाल्या बाईंना'. चालेल.

ज्यांच्या हाती तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिनी-बिसाऊ म्हणजे सेनेगल आणि गिनी यांच्या मधला 36,125 चौरस किलोमीटरचा देश, महाराष्ट्राच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्श्याएवढा. वस्ती वीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या शहराहून कमी. गोव्यासारखीच इथेही पोर्तुगीजांची सत्ता होती. 1973 मध्ये त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, 1974 मध्ये पोर्तुगालने ते मान्य केलं. पूर्वेला बॉक्साइट, उत्तरेला फॉस्फेट, किनाऱ्यावर इल्मेनाइट आणि झिरकॉनची काळी वाळू, समुद्रात तेलाची आशा. आणि एवढं सगळं असून देश जगतो तो काजूवर. मी ऐन उमेदीत एका खासगी कंपनीसाठी तिथल्या फॉस्फेटचे नमुने तपासायला गेले होते. लेखाचं निमित्त ते.

आता पत्रं.

प्रश्न : रविवार पेठेत आमचं सुक्या मेव्याचं जुनं दुकान आहे. वेंगुर्ला आणि चंदगडच्या ज्या कारखान्यांतून आमचा माल येतो ते आफ्रिकेची बी फोडतात आणि बिसाऊची बी म्हटली की दर चढा लावतात. तुमचा लेख वाचून मुलगा म्हणतो, तिथे तेल लागलं की माणसं काजू वेचायची बंद होणार, बी तुटणार, आत्ताच साठा करून ठेवू. ताई, करू का?

नका करू. चिरंजीवांचं अर्थशास्त्र चुकीचं नाही. तेलाचा पैसा आला की मजुरी चढते, चलन वधारतं आणि शेती मागे पडते, हे जगात झालेलं आहे. पण त्यासाठी आधी तेल लागावं लागतं. गिनी-बिसाऊच्या समुद्रात 1960 च्या दशकापासून शोध चालू आहे. 2004 च्या सुमाराला सिनापा नावाच्या क्षेत्रात तेलाचा माग लागला, पण काढून विकायला परवडेल असं काही आजपर्यंत हाती लागलेलं नाही. समजा उद्या लागलं, तरी शेजारच्या सेनेगलचं पाहा. तिथे 2014 मध्ये केर्न कंपनीला समुद्रात तेल सापडलं (राजस्थानात बाडमेरला आपल्याकडे मंगला क्षेत्र शोधलं तीच केर्न). त्या सांगोमार क्षेत्रातून पहिलं तेल वर आलं जून 2024 मध्ये. मध्ये दहा वर्षं. तुमचा काजू वर्षभरात खवट होईल, हे मी तुम्हाला काय सांगणार.

तुमची काळजी दुसरीकडे असायला हवी. या देशाच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा कच्च्या काजूचा आहे आणि त्यातला बराचसा थेट आपल्याकडे येतो, उरलेला मुख्यतः व्हिएतनामला. खुद्द गिनी-बिसाऊत फोडला जाणारा अगदीच थोडा. हंगाम मार्च-एप्रिल ते जून. हंगामाच्या तोंडावर सरकार शेतकऱ्याला द्यायचा आधारभाव जाहीर करतं, आणि प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या हातात काय पडतं ते गावात ट्रक घेऊन येणारा दलाल ठरवतो. बऱ्याच गावांत पैशाऐवजी तांदूळच देतात, काजूच्या पोत्यावर तांदळाचं पोतं. बायका बोंडांचा रस काढून त्याची दारू करून विकतात. घरातल्या बाईच्या हातात पडणारा रोख पैसा बऱ्याचदा तेवढाच असतो. अशा गावात तेलाच्या कंपनीची नोकरी पोहोचायची म्हटली तरी कोणाला मिळणार? समुद्रातल्या रिगवर माणसं मोजकी असतात आणि ती बाहेरून येतात.

आमच्या कोअरच्या पेट्या, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेल्या दगडाच्या कांड्या, राजधानी बिसाऊला बंदराजवळच्या काजूच्या गोदामातच एका भाड्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या असत. पलीकडे कटिंग टेस्ट चालायची. ताडपत्रीवर मूठमूठ बी पसरून एक माणूस कातरीने एकेक बी उभी चिरायचा, चांगला गर एका बाजूला, डागी दुसऱ्या, बुरशी धरलेला तिसऱ्या बाजूला. मग वजन करून आउटटर्न काढायचा, ऐंशी किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर. पन्नासच्या वर आकडा गेला की शेजारी उभा असलेला भारतीय खरेदीदार चेहरा मुद्दाम पडलेला ठेवायचा. टरफलाच्या चिकाने त्या कापणाऱ्याची बोटं कोळशासारखी झालेली असत. बिसाऊच्या बीला तुमचे कारखानदार जास्त दर लावतात तो या आकड्यामुळे. ते तुम्हाला फसवत नाहीयेत.

आता धोका. एप्रिल 2012 मध्ये तिथे लष्करी उठाव झाला तो 12 तारखेला, म्हणजे बी नुकती बाजारात येत होती तेव्हा. नोव्हेंबर 2025 मध्ये निवडणुकीपाठोपाठ पुन्हा लष्कराने सत्ता घेतली. त्यामुळे दर महिन्याला एकदा तेलाच्या बातम्या शोधण्यापेक्षा मार्चपासून बिसाऊ बंदर चालू आहे का आणि आधारभाव काय निघाला, एवढंच चिरंजीवांना पाहायला सांगा.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सेनेगल आणि गिनी-बिसाऊ यांच्या सामाईक सागरी क्षेत्रात तेलाची वाटणी 85 : 15 अशी होती, असं तुम्ही लिहिलंत. सामाईक म्हटल्यावर अर्धा-अर्धा का नाही? कृपया सविस्तर सांगावे, मुख्य परीक्षेला उपयोग होईल.

सविस्तरच सांगते, कारण या देशाच्या तेलाची सगळी गोम या रेघेत आहे.

जमिनीवरची हद्द 1886 मध्ये फ्रान्स आणि पोर्तुगालने आखली. तेव्हा काझामान्सचा प्रदेश फ्रान्सकडे गेला, तो आज सेनेगलमध्ये आहे. ही हद्द समुद्राला भिडते ते ठिकाण म्हणजे काबो रोशू हे भूशिर. समुद्रातली हद्द मात्र मोकळीच राहिली होती. ती 26 एप्रिल 1960 रोजी फ्रान्स आणि पोर्तुगालने ठरवली, तीसुद्धा तह वगैरे न करता पत्रांची देवाणघेवाण करून : भूशिरापासून 240 अंशांवर एक सरळ रेघ. तारीख नीट बघा. सेनेगल त्यानंतर काही आठवड्यांतच स्वतंत्र झाला. जाताजाता मालकाने कुंपण घालून दिलं. पलीकडच्यांना तर स्वातंत्र्याला अजून तेरा वर्षं होती, त्यांना कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता.

आता कंपास घ्या आणि वहीत काढा. 270 अंश म्हणजे थेट पश्चिम. 240 म्हणजे पश्चिमेकडून तीस अंश दक्षिणेला झुकलेली रेघ. जितकी दक्षिणेला झुकेल तितका सेनेगलचा समुद्र मोठा. आणि 1960 च्या दशकात जे तेल सापडलं, डोम फ्लोर नावाच्या ठिकाणी, ते पडलं रेघेच्या उत्तरेला.

गिनी-बिसाऊने स्वतंत्र झाल्यावर म्हटलं, ही पत्रं आम्हाला मान्य नाहीत, आमच्या पाठीमागे केलेला व्यवहार आहे. प्रकरण लवादाकडे गेलं. 31 जुलै 1989 रोजी तीन पंचांनी दोन विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला : पत्रं ग्राह्य, रेघ कायम. वसाहतीच्या हद्दी जशा मिळाल्या तशाच चालू ठेवायच्या, हे तत्त्व आफ्रिकी देशांनी 1964 मध्ये कैरोला स्वतःच मान्य केलेलं होतं, त्याचा फास त्यांच्याच गळ्यात आला. गंमत पुढे आहे. 1960 मध्ये 'अनन्य आर्थिक क्षेत्र' (किनाऱ्यापुढचा असा पट्टा, जिथल्या माशांवर आणि इतर संपत्तीवर त्या एका देशाचाच हक्क) ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती, म्हणून पंचांनी म्हटलं की रेघ प्रादेशिक समुद्राला, त्याला लागून असलेल्या पट्ट्याला आणि समुद्रतळाला लागू, पण आर्थिक क्षेत्राला नाही. तळाची हद्द ठरली, वरच्या पाण्याची आणि माशांची राहिली. दोन्ही देशांनी नकाशावर रेघ काढून मागितली होती, पंचांनी निकालाला नकाशाच जोडला नाही! बहुमतात असलेल्या लवादाच्या अध्यक्षांनी सोबत स्वतःचं वेगळं निवेदन जोडलं, ते असं की वाचणाऱ्याला वाटावं, यांचं मत नक्की कुठल्या बाजूला पडलं? गिनी-बिसाऊ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्या न्यायालयाने 12 नोव्हेंबर 1991 रोजी निकाल वैध ठरवला. दरम्यान गिनी-बिसाऊने सगळीच सागरी हद्द नव्याने ठरवून मागणारा दुसरा दावा दाखल केलेला होता.

आता तुमचा प्रश्न. 14 ऑक्टोबर 1993 रोजी दोघांनी करार केला. भूशिरापासून 268 आणि 220 अंशांच्या दोन रेघा काढल्या आणि मधला पंखा सामाईक ठरवला. मासे अर्धे-अर्धे. तेल-वायू सेनेगलला 85 टक्के, गिनी-बिसाऊला 15. कारण उघड आहे. एकाच्या हातात जिंकलेला निकाल होता आणि दुसऱ्याच्या हातात एक प्रलंबित दावा. तो दावा मागे घेण्याची किंमत 15 टक्के. पुढे 2000 मध्ये तेलाचं प्रमाण 80 : 20 झालं, 2020 मध्ये 70 : 30. त्या 2020 च्या करारावरून बिसाऊच्या संसदेत गदारोळ झाला, कारण अध्यक्षांनी तो संसदेला बाजूला ठेवून केला.

परीक्षेत हे सगळं लिहा आणि शेवटी एक वाक्य टाका, जे मार्गदर्शक पुस्तकांत नसतं : या सामाईक क्षेत्रातून आजवर व्यापारी प्रमाणात तेल निघालेलंच नाही. डोम फ्लोरचं तेल काकवीसारखं दाट, ते उपसणं अवघड आणि शुद्ध करणं महाग. शून्याचे पंधरा टक्के आणि शून्याचे तीस टक्के यांत फरक शोधत दोन देशांनी तीस वर्षं घालवली. खरं उत्पन्न देतात ते मासे, आणि त्यांची वाटणी पहिल्या दिवसापासून अर्धी-अर्धी आहे.

दक्षिणेला गिनीशीही असाच वाद झाला आणि फेब्रुवारी 1985 मध्ये लवादाने तो सोडवला. तिथे 1886 चाच तह काढून भांडले होते. त्यावर विचारत नाहीत, सोडून द्या.

प्रश्न : बाणेरला आमच्या क्लबमध्ये ओळख झालेल्या एका सल्लागाराने परदेशी कंपनीचे शेअर सुचवले आहेत. कंपनीकडे गिनी-बिसाऊतल्या प्रसिद्ध फॉस्फेट साठ्याशेजारचा परवाना आहे. त्या साठ्यात 4.4 कोटी टन फॉस्फेट आहे, टनाला 100 डॉलर धरले तरी 440 कोटी डॉलर होतात आणि शेअर अगदी किरकोळ भावात मिळतोय. भूशास्त्रज्ञ म्हणून तुमचं मत?

भूशास्त्रज्ञ म्हणून : 'शेजारचा' हा शब्द तुम्ही स्वतः लिहिलाय, तो पुन्हा एकदा वाचा.

तो प्रसिद्ध साठा म्हणजे उत्तरेतल्या ओइओ भागातला फारिम. साठा खरा आहे, उत्तम आहे. 2015 च्या व्यवहार्यता अहवालात 4.4 कोटी टन राखीव साठा आणि त्यात 30 टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असं धरलेलं आहे, खाणीचं आयुष्य 25 वर्षं. 2018 पासून तो प्रकल्प इटाफोस या कंपनीकडे आहे. तुमच्या सल्लागाराच्या कंपनीकडे नाही.

मी त्या जातीचा दगड हातात घेतलेला आहे. दिसायला काही नाही, मळकट, वाळूसारखा भुगा होणारा. कधी त्यात शार्कचा दात सापडतो, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी तो समुद्राचा तळ होता. फॉस्फेट आहे की नाही बघायला आम्ही त्यावर नायट्रिक आम्लात कालवलेला अमोनियम मॉलिब्डेटचा थेंब टाकायचो. क्षणभर काही नाही, मग थेंबाच्या कडेने हळदीपेक्षा फिकट असा पिवळा रंग फुटायला लागतो. तो रंग दिसला की ड्रिलिंगवाली पोरं ओरडायची. पण त्या पिवळ्या रंगाने एवढंच कळतं की इथे, या भोकात, फॉस्फेट आहे. पलीकडच्या शेतात आहे का, ते पलीकडे भोक पाडल्यावरच कळतं.

म्हणून या धंद्यात दोन वेगळे शब्द आहेत आणि सल्लागार मंडळी ते एकत्र करतात. जमिनीत आहे असा अंदाज बांधता येतो तो संसाधनसाठा. त्यातला जो खर्च, बंदर, परवानगी, भाव हे सगळं लक्षात घेऊन नफ्यात काढता येईल तेवढाच राखीव साठा. फारिमलाच बघा. मोजलेला आणि दर्शवलेला (म्हणजे पुरेशी भोकं पाडून बऱ्यापैकी खात्री केलेला) संसाधनसाठा 10 कोटी टनांच्या वर आहे, राखीव त्याच्या निम्म्याहून कमी. तुमच्या परवान्यात यांतलं काय आहे? मला वाटतं, दोन्ही नाही. नुसती जमीन आहे.

आणि ज्या फारिममध्ये खरोखर आहे, तिथलं फॉस्फेट अजून जहाजात का चढलं नाही? एक तर ते तीसेक मीटर मातीखाली आहे आणि त्या मातीत पाणी आहे. खाण कोरडी ठेवायची तर सतत उपसा करायचा. शेजारून काशेऊ नदी जाते, तिच्यात भरतीचं खारं पाणी वर चढतं. आपल्या कोकणात खारबंदिस्ती पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. तिथेही लोक खाजणाला बांध घालून, पावसाने मीठ धुवून, त्यात भात पिकवतात. गोडं पाणी उपसून खाली नेलं आणि खारं आत शिरलं तर त्या भाताचं काय, हा गावकऱ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि अहवालात तो बराच मागच्या पानावर असतो. दुसरं, खडक ट्रकने गेबा नदीच्या खाडीवर पोंता शुगेला आणायचा आणि तिथे बंदर बांधायचं, अशी योजना. म्हणजे खाण काढणाऱ्याने रस्ता आणि बंदरही उभं करायचं. तिसरा भाव. तुम्ही टनाला 100 डॉलर धरलेत. 2008 मध्ये तो 400 च्या वर गेला होता, 2019 मध्ये 100 च्या खाली होता, 2022 मध्ये परत 250 च्या वर. बँका 25 वर्षांचं कर्ज कोणत्या आकड्यावर देणार? तेवढ्यात सरकार बदलतं, आणि नवा मंत्री जुना करार तपासायला मागवतो.

तरीही तुम्हाला मोह असेलच, तर सल्लागाराकडे एकच कागद मागा : स्वतंत्र तज्ज्ञाने नावानिशी सही केलेला साठ्याचा अहवाल, ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क किंवा कॅनडाच्या 43-101 नियमांनुसार. ते कॅनेडियन नियम आले तेच एका फसवणुकीतून. 1997 मध्ये ब्रे-एक्स या कंपनीचा इंडोनेशियातला सोन्याचा साठा नुसता नमुन्यांत सोनं मिसळून तयार केलेला निघाला. तो कागद नसेल तर सल्लागाराला चहा पाजा आणि निरोप द्या. सल्लागार सेबीकडे नोंदलेला आहे का, हे चहाच्या आधी बघा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, कोथरूड. कासच्या पठाराहून येताना एक लालसर, भोकाभोकांचा जड दगड आणला. गिनी-बिसाऊतील बोए येथील बॉक्साइटचे तुम्ही केलेले वर्णन त्यास तंतोतंत जुळते. तपासून द्याल का?

सर, कासवरून काही उचलून आणायचं नसतं, हे तुम्ही मुलांना नक्की सांगितलं असणार. तुमच्याकडे आहे तो बहुधा जांभा. जांभा आणि बॉक्साइट एकाच घरातले. भरपूर पाऊस, भरपूर ऊन, सपाट माथा असला की खडकातली सिलिका धुपून जाते. लोह जास्त राहिलं तर जांभा, ॲल्युमिनियम जास्त राहिलं तर बॉक्साइट. लाल आणि जड म्हणजे लोहच. राधानगरीकडे दुर्गमानवाडीच्या माथ्यावर खरं बॉक्साइट आहे, तिथे खाणही झाली.

बोए हा गिनी-बिसाऊचा आग्नेय कोपरा. 24 सप्टेंबर 1973 रोजी स्वातंत्र्याची घोषणा याच मादिना दु बोए भागात झाली. सीमेपलीकडे गिनीत जगातला सर्वात मोठा बॉक्साइट साठा आहे, सुमारे 740 कोटी टन. सांगारेदीहून रेल्वेने कामसार बंदरात माल जातो. माथा तोच, पाऊस तोच, पण कागदावरच्या हद्दीच्या अलीकडे रेल्वे नाही. बोएला जायचं तर कोरुबाल नदी ओलांडायची. शेशेच्या ज्या उतारावर फेब्रुवारी 1969 मध्ये माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैनिकांचा तराफा उलटून चाळीसहून जास्त माणसं बुडाली, तीच ही नदी. 2007 मध्ये अंगोलाच्या एका कंपनीला बोएचा परवाना मिळाला, बुबाला खोल पाण्याचं बंदर बांधायचं ठरलं. अंगोलाचं सैन्यही देशात आलं होतं, लष्कराला प्रशिक्षण द्यायला म्हणून. 2012 च्या उठावात लष्कराचा राग याच सैन्यावर निघाला, अंगोला परत गेला, बंदर कागदावर राहिलं. त्या माथ्यांवर चिंपांझींची वस्तीही आहे, हे खाणवाल्यांच्या नकाशात येत नाही.

कच्चं बॉक्साइट विकण्यापेक्षा तिथेच ॲल्युमिनियम का करत नाहीत, असं तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल, म्हणून आत्ताच सांगते. एक टन ॲल्युमिनियमला साधारण चौदा हजार युनिट वीज लागते. राजधानी बिसाऊला वीज यायची ती बंदरात उभ्या केलेल्या तुर्की कंपनीच्या जहाजावरून. ऑक्टोबर 2023 मध्ये बिल थकलं, दीड कोटी डॉलरच्या घरात, आणि कंपनीने वीज तोडली. अख्खी राजधानी अंधारात. काही पैसे भरल्यावर परत आली. आता शेजारी देशांच्या जलविद्युत वाहिनीशी देश जोडला गेलाय, पण दिवे लावणं वेगळं आणि भट्टी चालवणं वेगळं.

दगड कासला जाणाऱ्या कोणाकडे तरी परत पाठवा.

प्रश्न : मी नववीत आहे, धायरीला राहते. आम्ही वेळासला कासवं बघायला गेलो होतो. गिनी-बिसाऊच्या समुद्रात तेल काढलं तर तिकडच्या कासवांचं काय?

किती नेमकं विचारलंस! गिनी-बिसाऊसमोर बिजागोस नावाचा 88 बेटांचा समूह आहे. त्यातल्या पोइलाँव या चिमुकल्या बेटावर हिरवी कासवं अंडी घालायला येतात, आणि त्यांची संख्या वेळासच्या ऑलिव्ह रिडलेंच्या कितीतरी पट आहे. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने या बेटांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तेलाचे ब्लॉक बेटांच्या पलीकडे खोल समुद्रात आहेत, पण तिथली भरती-ओहोटी पश्चिम आफ्रिकेत सर्वात मोठी, चार-पाच मीटरची. एकदा तेल सांडलं तर ती भरती ते तिवरांच्या मुळांपर्यंत आणून सोडेल, आणि चिखलातून तेल पुसता येत नाही. त्या बेटांवरची काही ठिकाणं तिथल्या लोकांनीच पवित्र म्हणून राखलेली आहेत, तिथे कोणी वस्ती करत नाही. आपल्या देवराया तुला माहीत असतील. पोइलाँव तसंच आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. हडपसरच्या एका एजंटाने त्याला गिनी-बिसाऊच्या तेल रिगवर नोकरी लावतो सांगितले, महिना दीड हजार डॉलर. अडीच लाख भरायचे आहेत, मुदत शुक्रवारपर्यंत. तुमचा लेख वाचून धीर आला, देश खरोखर आहे म्हणून. भरू ना?

ताई, देश आहे, रिग नाही. तिथे तेलाचं उत्पादन होत नाही, त्यामुळे कायमची उभी रिग असण्याचं कारणच नाही. शोधासाठी कधी एखादं ड्रिलिंग जहाज येतं, एक-दोन विहिरी पाडून काही आठवड्यांत निघून जातं, आणि त्यावरची माणसं जहाजाबरोबर येतात. ती हडपसरहून भरत नाहीत.

एजंटाला तीन गोष्टी विचारा. रिगचं किंवा जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक. प्रत्येक जहाजाला असा सात आकडी क्रमांक असतो, त्यावरून ते आत्ता कुठे उभं आहे हे तुमचा मुलगा मोबाइलवर पाहू शकेल. दुसरं, त्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक. परदेशी नोकरी लावणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर ती तपासता येते. आणि नोंदणी असलेल्या एजंटालाही उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायची परवानगी नाही. अडीच लाखांचा आकडा तिथेच कोसळतो. तिसरं, पिवळ्या तापाची लस कधी घ्यायची ते विचारा. त्या देशात शिरायला तिचा दाखला लागतो आणि लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ज्याने खरोखर माणसं पाठवली आहेत तो हे न विचारताच सांगेल.

मुलाला समुद्रातल्या कामाचीच ओढ असेल तर आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर मुंबई हायला 1974 मध्ये तेल लागलंय आणि ते अजून चालू आहे. तिथल्या कंत्राटदारांकडे डिप्लोमावाल्यांच्या जागा निघतात, आधी समुद्रातल्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण मात्र करावं लागतं. त्याला माझ्याकडे पाठवा, कागदपत्रं काय लागतात ते बसून सांगेन. संपादकांकडे पत्ता आहे.

आणि शुक्रवार जाऊ द्या.